यादी पानापानांनी देताना: एपीआय पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी

पहिल्या एपीआयमध्ये पेजिनेशन, म्हणजे लांब यादी पानापानांनी देण्याची सोय, सहसा कुणी घालत नाही. टेबलात चाळीस ओळी असतात, सगळ्या एकदम पाठवल्या तरी क्षणात स्क्रीनवर येतात, आणि ‘पुढं बघू’ म्हणून विषय मागं पडतो. एका वाचनालयाचं देवघेवीचं सॉफ्टवेअर लिहिताना मीही हेच केलं. पुस्तक गेलं, पुस्तक आलं, एवढीच काय ती नोंद. बघता बघता त्या टेबलात लाखाच्या वर ओळी झाल्या आणि काउंटरवरच्या बाईंचा टॅब ऐन गर्दीत ‘लोड होत आहे’वर अडकायला लागला.

तेच वाचनालय इथं उदाहरणाला घेतो. टेबलाचं नाव देवघेव. त्यात आयडी, सभासद, पुस्तक, वेळ आणि परत आल्याची तारीख असे रकाने. क्वेऱ्या आपण बोलताना म्हणतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत, एडिटरमध्ये नेहमीसारख्या टाइप करा.

पायरी १: मर्यादा पहिल्याच दिवशी घाला

यादी देणारा एकही एंडपॉइंट मर्यादेशिवाय बाहेर सोडू नका. नंतर घालता येईल असं वाटतं, पण तोवर ‘इथं सगळी यादी मिळते’ असं धरून कुणीतरी ॲप लिहून मोकळं झालेलं असतं. उद्यापासून तुम्ही पहिल्या ५० ओळीच द्यायला लागलात तर त्या ॲपला एरर येत नाही, काही चुकल्याचा पत्ताही लागत नाही. ते ५० ओळींनाच सगळी यादी समजून चालतं. गूगलच्या एपीआय-रचनेच्या नियमांमध्ये १५८ क्रमांकाचा नियम पेजिनेशनचा आहे, आणि पेजिनेशन मागाहून घातलं तर जुने क्लायंट मोडतात हे त्यातही बजावलेलं आहे.

याच कारणानं उत्तरात नुसती ॲरे पाठवू नका, कारण ॲरेला मागाहून शेपूट जोडता येत नाही. बाहेरून एक ऑब्जेक्ट ठेवा:

{
  "नोंदी": [ … ],
  "पुढचा_कर्सर": "…"
}

कर्सर म्हणजे यादी कुठवर देऊन झाली याची खूण, त्याबद्दल पुढं येईलच. पानाचे आकडे ठरवताना मोठ्यांकडं बघून घ्या. आकडा न सांगितल्यास गिटहब ३० नोंदी देतं आणि मागितल्या तर जास्तीत जास्त १००. स्ट्राइपचं १० आणि १००. यूट्यूबच्या शोधाचं ५ आणि ५०. नव्या माणसानं २० आणि १०० धरले तर काही बिघडत नाही. कुणी ५०० मागितल्या तर? गूगलचा नियम म्हणतो, गुपचूप कमाल मर्यादेवर आणा. ऋण आकडा आला तर मात्र एरर द्या. मला हे पटतं. जास्त मागणं हा काही गुन्हा नाही, पण उणे वीस नोंदी मागणाऱ्याच्या कोडमध्ये नक्कीच घोळ आहे आणि तो त्याला कळायला हवा.

पायरी २: क्रम ठरवा, आणि पुरता ठरवा

सगळ्यात जास्त चुका इथं होतात. ‘ऑर्डर बाय’ न लिहिता लिमिट लावलं तर डेटाबेस कुठल्या ओळी देईल याची काही हमी नाही. टेस्टिंगमध्ये आयडीच्या क्रमानंच येतात म्हणून आपण निर्धास्त राहतो. पण पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एखादी ओळ अपडेट केली की तिची नवी प्रत लिहिली जाते, आणि ती जुन्या जागीच बसेल असं नसतं. म्हणजे पुस्तक परत आल्याची तारीख टाकली की ती नोंद यादीत कुठंही उडी मारू शकते.

बरं, ‘ऑर्डर बाय वेळ’ लिहिलं, तरी काम अर्धंच झालं. एक सभासद तीन पुस्तकं एकदम नेतो आणि तिन्ही नोंदींना एकच वेळ पडते. या तिघींमध्ये आधी कोण, हे डेटाबेसला तुम्ही सांगितलेलंच नाही. पहिलं पान नेमकं या तिघींच्या मधे तुटलं तर दुसऱ्या पानाच्या वेळी डेटाबेस त्यांना वेगळ्या क्रमानं लावायला मोकळा आहे. मग एक पुस्तक दोनदा दिसतं आणि एक दिसतच नाही. म्हणून शेवटी नेहमी एक असा रकाना जोडा जो दोन ओळींत कधीच सारखा नसतो:

ऑर्डर बाय वेळ डेस्क, आयडी डेस्क

‘डेस्क’ म्हणजे उतरता क्रम, नवं आधी. सॉर्टिंग कुठलंही असो, शेपटाला आयडी हवाच.

पायरी ३: ऑफसेट कुठवर चालतो ते बघा

ऑफसेट, म्हणजे सुरुवातीच्या इतक्या ओळी सोडून पुढच्या द्या असं सांगणं, शिकायला पाच मिनिटं पुरतात. पानावर २० नोंदी असतील आणि तिसरं पान हवं असेल तर आधीच्या दोन पानांच्या ४० ओळी सोडा:

सिलेक्ट * फ्रॉम देवघेव
ऑर्डर बाय वेळ डेस्क, आयडी डेस्क
लिमिट २० ऑफसेट ४०;

‘पान ७ वर जा’ अशी थेट उडी मारता येते, हा याचा मोठा गुण. हजार-दोन हजार ओळींचं, फारसं न हलणारं टेबल आणि आत बसलेला ॲडमिन असेल तर ऑफसेटच वापरा, उगाच डोकं खपवू नका. महाराष्ट्रातल्या ३६ जिल्ह्यांची यादी असेल तर पानंसुद्धा कशाला पाडायची?

अडचण दोन ठिकाणी येते. पहिली वेगाची. ऑफसेट १,००,००० म्हटलं म्हणजे डेटाबेस तिथं थेट जाऊन बसत नाही. तो आधीच्या लाखभर ओळी मोजतो, टाकून देतो आणि मग तुमच्या २० देतो. पान जितकं मागचं तितका उशीर.

दुसरी अडचण जास्त वाईट, कारण ती दिसत नाही. पानावर तीनच नोंदी धरू. यादी नव्याकडून जुन्याकडं:

१०७, १०६, १०५ | १०४, १०३, १०२ | १०१

बाईंनी पहिलं पान बघितलं: १०७, १०६, १०५. तेवढ्यात शेजारच्या काउंटरवर १०८ नंबरची नोंद झाली. आता दुसरं पान, म्हणजे तीन सोडून पुढचे तीन:

१०८, १०७, १०६ | १०५, १०४, १०३ | १०२, १०१

१०५ पुन्हा दिसली. हे एक वेळ चालून जातं, कुणीतरी ‘ही दोनदा कशी?’ म्हणून विचारतं तरी. उलट बघा. पहिलं पान बघून झाल्यावर १०६ रद्द केली:

१०७, १०५, १०४ | १०३, १०२, १०१

दुसऱ्या पानावर १०३ पासून सुरुवात. १०४ ना पहिल्या पानावर होती, ना दुसऱ्यावर. न दिसलेल्या नोंदीबद्दल तक्रार कोण करणार?

मी यात चांगला पोळलो आहे. मुदत उलटलेल्या सभासदांना मेसेज पाठवणारी एक स्क्रिप्ट लिहिली होती. ‘मेसेज बाकी’ असलेल्या ४०० नोंदी, शंभर-शंभरच्या पानांनी. पहिलं पान घेतलं, मेसेज पाठवले, त्या शंभर नोंदींवर ‘पाठवला’ असा शिक्का मारला. शिक्का पडल्याबरोबर त्या ‘बाकी’च्या यादीतून गेल्या आणि उरल्या ३००. स्क्रिप्टनं इमानदारीत ऑफसेट १०० लावला आणि उरलेल्यांतले पहिले शंभर ओलांडून पुढचे घेतले. आता उरल्या २००. ऑफसेट २०० लावला तर यादी रिकामी. स्क्रिप्ट म्हणाली, काम फत्ते. बरोबर निम्म्या लोकांना मेसेज गेले, आणि लॉगमध्ये एक एरर नाही! ज्या यादीवर काम करता करता ती यादीच आटत जाते, तिथं ऑफसेट वाढवू नका. दर वेळी पहिलंच पान मागा, नाहीतर पुढची पायरी वापरा.

पायरी ४: शेवटची नोंद सांगून पुढचं मागा

पंगतीत वाढणारा आठवा. जिलबी संपली म्हणून तो आत गेला आणि परात भरून परत आला. ‘मी अकरा पानं वाढली होती’ असं म्हणून तो पंगतीच्या टोकापासून मोजायला लागला, आणि मधल्या काळात टोकाला दोघं येऊन बसले असले, तर दोघांना जिलबी दोनदा मिळणार. शहाणा वाढपी मोजत नाही. निळ्या सदऱ्याच्या काकांपर्यंत झालं होतं एवढं तो लक्षात ठेवतो आणि त्यांच्या पुढून सुरू करतो. पुस्तकात याला कीसेट पेजिनेशन म्हणतात.

सिलेक्ट * फ्रॉम देवघेव
व्हेअर (वेळ, आयडी) < (:शेवटची_वेळ, :शेवटचा_आयडी)
ऑर्डर बाय वेळ डेस्क, आयडी डेस्क
लिमिट २१;

मागच्या पानाच्या शेवटच्या ओळीची वेळ आणि आयडी द्यायचा, तिच्या पलीकडच्या ओळी मागायच्या. वेळ आणि आयडी या दोन्हींचा मिळून एक इंडेक्स (क्रमानं लावलेली सूची) ठेवा, म्हणजे डेटाबेस थेट त्या जागी उतरतो. दहावं पान असो की दहा हजारावं, वेळ जवळपास तेवढाच. काका मधेच उठून गेले तर वाढप्याची पंचाईत होईल, आपली होत नाही. १०५ नंबरची नोंद पुसली गेली तरी ‘१०५ च्या पलीकडं’ या प्रश्नाला उत्तर आहेच, कारण आपण ती ओळ शोधत नाही, तिच्या किमतीशी नुसती तुलना करतो.

लिमिट २० ऐवजी २१ का? एकविसावी ओळ मिळाली तर पुढं पान आहे. ती क्लायंटला द्यायची नाही, टाकून द्यायची. पुढं काही आहे का हे विचारायला वेगळी क्वेरी लागत नाही.

कंसातली जोडीची तुलना नव्या माणसाला अवघड वाटते, म्हणून तो ती सुटी करून लिहितो: ‘वेळ < क्ष अँड आयडी < य’. हे चूक आहे. आमच्या वाचनालयात वीज गेली की नोंदी आधी वहीत होतात आणि संध्याकाळी मशीनवर चढतात. म्हणजे वेळ दुपारची, पण आयडी सगळ्यात मोठा. अशी प्रत्येक नोंद या ‘अँड’मध्ये गळून पडते. सुटी करायचीच असेल तर अशी:

वेळ < क्ष ऑर (वेळ = क्ष अँड आयडी < य)

आणखी तीन खड्डे आहेत, तिन्हींत मी नाहीतर माझ्या शेजारचा कुणीतरी पडलेला आहे.

पहिला खड्डा सेकंदाच्या तुकड्यांचा. पोस्टग्रेस वेळ मायक्रोसेकंदापर्यंत ठेवतं, जावास्क्रिप्टचा डेट मिलिसेकंदापर्यंतच. डेटाबेसमध्ये वेळ आहे १०:१५:३०.१२३४५६. ती नोड सर्व्हरमधल्या डेटमधून फिरून कर्सरमध्ये गेली की उरते .१२३. मग उतरत्या यादीत .१२३००० ते .१२३४५६ च्या मधे पडलेल्या नोंदी गायब होतात, आणि चढत्या यादीत शेवटची ओळ पुढच्या पानावर पुन्हा हजर. कर्सरसाठी वेळ डेटाबेसकडून मजकूर म्हणूनच घ्या, नाहीतर रकानाच मिलिसेकंदाचा करा.

दुसरा नलचा, म्हणजे रिकाम्या किमतीचा. ‘परत आल्याची तारीख’ लावून सॉर्ट केलं, तर जी पुस्तकं अजून आलेलीच नाहीत त्यांची तारीख नल. नलशी केलेली तुलना ना खरी ठरते ना खोटी, म्हणून पहिलं पान ओलांडलं की त्या ओळी गळू लागतात. चढत्या क्रमात पोस्टग्रेस नल शेवटी ठेवतं, मायएसक्यूएल सुरुवातीला, हा वर आणखी गोंधळ. जमेल तिथं नल असू शकणाऱ्या रकान्यावर पानं पाडूच नका.

तिसरा खास आपल्या लिपीचा. पुस्तकांची यादी नावानं लावली. युनिकोडच्या क्रमात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढं येतो, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर. ‘क्ष’ हे युनिकोडला ‘क’, हलन्त आणि ‘ष’ असे तीन तुकडे, म्हणून ‘क्षितिज’ तिथं ‘क’च्या घोळक्यात जाऊन बसतं, आपल्याकडं मात्र शेवटी. यांतला कुठला क्रम लावायचा ते तुमचं तुम्ही ठरवा, पण ‘ऑर्डर बाय’ला जे कोलेशन (अक्षरं लावायचा नियम) तेच ‘व्हेअर’मधल्या तुलनेला. एकीकडं मराठी वर्णक्रम आणि दुसरीकडं बाइटचा क्रम असं झालं की मधली पानंच्या पानं उडतात.

मागच्या पानावर जायचं असेल तर तुलनेचं चिन्ह आणि सॉर्टिंग दोन्ही उलटं करा, आणि मिळालेल्या ओळी क्लायंटला देण्याआधी पुन्हा सुलट करा. थेट सातव्या पानावर उडी मात्र यात नाही. तुम्ही पुढं सरकल्यावर मागं जी नोंद घुसली तीही त्या फेरीत दिसणार नाही. वाचणाऱ्याला याचं सहसा काही वाटत नाही. हिशेब करणाऱ्याला हे आधी सांगून ठेवा.

पायरी ५: कर्सर पुडीत बांधून द्या

शेवटची वेळ आणि आयडी असे दोन उघडे पॅरामीटर यूआरएलमध्ये देता येतात, पण देऊ नका. लोक ते स्वतः बनवायला लागतात, आणि उद्या तुम्हाला सॉर्टिंग बदलायचं झालं तर त्यांचं कोड मोडतं. दोन्ही किमती, सोबत सॉर्टिंग आणि फिल्टर, असं सगळं जेसनमध्ये भरून बेस६४ करा, म्हणजे साध्या अक्षर-चिन्हांत बदला, आणि एक अगम्य स्ट्रिंग द्या. बेस६४ यूआरएलला चालणाराच घ्या. साध्या बेस६४ मधलं अधिकचं चिन्ह यूआरएलमध्ये जागा सोडल्यासारखं वाचलं जातं आणि मग दर काही कर्सरांमागं एक विनाकारण फुटतो. असला बग शोधायला अख्खा दिवस जातो.

बेस६४ म्हणजे कुलूप नव्हे, कुणीही उघडून बघू शकतं. त्यात लपवण्यासारखं काही ठेवू नका, आणि कुणी बदलून पाठवेल अशी भीती असेल तर एचमॅकची सही (गुप्त किल्लीवरून काढलेली खूण) जोडा. फिल्टर बदलून जुनाच कर्सर आला तर ४०० (‘विनंती चुकीची’) हा एरर द्या. अंदाजानं काहीतरी उत्तर देण्यापेक्षा ते बरं.

यादी संपली हे कसं सांगायचं, याच्या रीती वेगवेगळ्या आहेत. स्लॅक पुढच्या कर्सरच्या जागी रिकामी स्ट्रिंग देतं, स्ट्राइप वेगळा हो-नाही रकाना देतं, गिटहब उत्तराच्या लिंक हेडरमध्ये पुढच्या पानाचा पूर्ण पत्ताच देतं. त्या हेडरचं आजचं मानक २०१७ चं आरएफसी ८२८८. तुम्ही कुठलीही रीत घ्या, पण ‘नोंदी कमी आल्या म्हणजे संपलं’ असा अर्थ क्लायंटला काढायला लावू नका. ॲमेझॉनच्या डायनॅमोडीबीत एका खेपेला जास्तीत जास्त १ एमबी वाचून मग फिल्टर लागतो, त्यामुळं पान रिकामं आणि तरी पुढं यादी शिल्लक, असं अगदी नियमानुसार होतं.

पायरी ६: ‘एकूण किती?’ला सांभाळून उत्तर द्या

डिझाइनवाल्यांना ‘१ ते २०, एकूण १,१८,४३२’ असं लिहायला फार आवडतं. तो शेवटचा आकडा काढायला पोस्टग्रेसला जुळणाऱ्या सगळ्या ओळी मोजाव्या लागतात. कुठेतरी तयार आकडा पडलेला नसतो, कारण कुठली ओळ कुणाला दिसावी हे त्या त्या ट्रान्झॅक्शनवर ठरतं. म्हणजे क्वेरी २० ओळींची आणि मोजणी लाखाची. इलास्टिकसर्चसुद्धा वेगळं सांगितलं नाही तर १०,००० पर्यंतच नेमकं मोजतं, त्यापुढं ‘निदान इतके’ म्हणतं. गिटहबचा शोध पहिले १,००० निकाल देऊन थांबतो. आम्ही बाईंना विचारलं, एकूण आकडा लागतो कशाला? त्या म्हणाल्या, ‘मला आजचेच बघायचे असतात हो.’ आकडा काढून टाकला आणि तारखेचा फिल्टर दिला.

पायरी ७: दुसऱ्याची यादी ओढून बघा

हे हाताखालून जायला हवं असेल तर मराठी विकिपीडियाचा एपीआय चांगला आहे. वाचायला लॉगिन लागत नाही. फक्त युजर-एजंट हेडरमध्ये आपण कोण ते नीट लिहा. ‘ऑलपेजेस’ यादी मागा. मर्यादा न सांगितल्यास १० शीर्षकं येतात, साध्या वापरकर्त्याला कमाल ५००. उत्तरात ‘कंटिन्यू’ नावाचा एक ऑब्जेक्ट असतो आणि त्यात ‘एपीकंटिन्यू’समोर चक्क पुढच्या पानाचं शीर्षक. म्हणजे पायरी चारमधलीच युक्ती, उघड्यावर. देवनागरी शीर्षकं सुरुवातीलाच दिसली नाहीत तर गोंधळू नका. क्रम बाइटचा आहे, त्यात रोमन अक्षरं आधी लागतात.

पुढचं पान मागताना तो ‘कंटिन्यू’ ऑब्जेक्ट आहे तसा, आतल्या सगळ्या किमतींसकट, मूळ विनंतीत मिसळा. त्यातलं एकच उचलून बाकी आपलं आपण जुळवत बसू नका. ऑब्जेक्ट यायचा थांबला की यादी संपली. लूपला एक वरची मर्यादा घालून ठेवा आणि तोच कर्सर लागोपाठ दोनदा आला तर थांबा. समोरच्याच्या बगमुळं रात्रभर तेच पान ओढत बसलेली स्क्रिप्ट मी पाहिली आहे.

पायरी ८: मोडायचा प्रयत्न करा

टेस्टमध्ये पानाचा आकार २ ठेवा, २० ठेवलात तर कडेच्या चुका सापडतच नाहीत. सात नोंदी घाला, आणि त्यातल्या पाचांची वेळ मुद्दाम अगदी सारखी ठेवा. सगळी पानं ओढून आयडी गोळा करा. सात आले पाहिजेत, एकही दोनदा नको. मग तीच टेस्ट पुन्हा चालवा, पण पहिल्या पानानंतर एक नवी नोंद घुसवा आणि एक जुनी पुसा. जिला हात लावला नाही अशी प्रत्येक नोंद बरोबर एकदा यायला हवी. शेवटी नोंदी बरोबर चार ठेवून चालवा. दुसऱ्या पानावर पुढचा कर्सर आला तर लिमिटमध्ये अधिक एक घालायला विसरला आहात.